मोशेच्या आईचा पगार

(कुटुंब समूहांसाठी अभ्यासलेख. वाचन: निर्गम २:१-१०, याकोबाचे पत्र १:२७, स्तोत्र ६८:५-६)



२०१९ सालच्या जानेवारीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही नवराबायको केनियात होतो. नैरोबीजवळच्या लिमुरू भागात धर्मभगिनी चालवत असलेल्या एका अनाथाश्रमात आम्ही सेवेसाठी राहिलो. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणी ना कोणी विचारतेच, "तिथं तुम्ही दिवसभर करायचात तरी काय?" अलीकडे आपल्या धर्मग्रामातील दोन तरुण जोडप्यांनीही अशा सेवेला जाण्याचा विचार बोलून दाखवला. म्हणून फादरांच्या सांगण्यावरून हा लेख लिहीत आहोत. आधी आमचा दिवस कसा जाई ते सांगतो. मग आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण त्या चुकीमुळेच निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातील एक गोष्ट आम्हांला नव्याने कळली.

आमचा दिवस

केनिया विषुववृत्तावर आहे, म्हणून तेथे घाम गाळावा लागेल अशा समजुतीने आम्ही सुती कपडे घेऊन गेलो होतो. पण लिमुरू दोन हजार मीटरहून उंचावर आहे. सगळीकडे चहाचे मळे, आणि जुलैत तर दुपारपर्यंत धुके हटत नाही. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी आम्हांला जुने स्वेटर काढून दिले.

आश्रमात सुमारे साठ मुले होती. दहा-दहा मुलांची सहा घरे आणि प्रत्येक घराला एक गृहमाता. आम्ही पहाटे पाचला उठायचो. त्या वेळी गृहमाता मुलांची ओली झालेली अंथरुणे कोणाला न कळू देता धुवायला काढत असत. तेथील हे रोजचे पहिले काम. मग मोठ्या चुलीवर 'उजी' शिजे. उजी म्हणजे नाचणीची पातळ पेज. आपल्याकडची नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतलीच, त्यामुळे तिची चव तरी ओळखीची होती. दुपारी मक्याचे दाणे आणि राजमा एकत्र उकडलेले 'गिथेरी'. रात्री 'उगाली', म्हणजे मक्याच्या पिठाची आपल्या उकडीपेक्षा घट्ट, वड्या पडतील अशी उकड, आणि सोबत 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी. या नावाचा अर्थ 'आठवडा पुढे ढकल' असा. हातात पैसे नसले की हीच भाजी आठवडा काढून देते, असे तेथील बायका हसत सांगत.

चपाती मात्र तेथे सणाचा पदार्थ. चहाला 'चाय', दुकानाला 'दुका' आणि पैशाला 'पेसा' म्हणणाऱ्या त्या देशात चपाती हिंदी लोकांबरोबरच पोचली. पास्काच्या सणाला आम्ही साठ मुलांसाठी चपात्या लाटल्या तेव्हा मुले स्वयंपाकघराच्या दारातून हलेनात.

भाषेने आमची खूप फजिती केली. स्वाहिलीत तासांची मोजणी सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. शिध्याची गाडी 'सा तातू'ला, म्हणजे तीनला येईल असे कळले, म्हणून आम्ही दुपारी तीन वाजता फाटकाशी जाऊन उभे राहिलो. गाडी सकाळी नऊ वाजताच येऊन गेली होती! शुभवर्तमानात प्रभूच्या दुःखसहनाच्या वर्णनात सहावा तास, नववा तास असे उल्लेख येतात, त्यामागेही हीच मोजणी आहे. सहावा तास म्हणजे दुपारचे बारा आणि नववा म्हणजे दुपारचे तीन. आयुष्यभर ऐकलेले ते वाचन आम्हांला शिध्याच्या गाडीने समजावले.

आम्हांला नेमून दिलेली कामे साधी होती. एकाने हिशेबाच्या वह्या आणि कोठार सांभाळायचे, दुसरीने शिवणयंत्रावर गणवेश दुरुस्त करायचे. शनिवारी कपडे धुणे, राजमा निवडणे, मुलांचे केस यंत्राने बारीक कापणे. संध्याकाळी साडेसहाला अंधार पडतो, तेव्हा जपमाळ. मग अभ्यास, जेवण, आणि नऊला दिवे बंद. रविवारची मिस्सा ढोल आणि गाण्यांसह दोन तास चाले. अर्पणाच्या वेळी लोक मका, केळी, कधी कधी जिवंत कोंबडीही नाचत वेदीकडे आणत.

आमची चूक

स्वाहिलीत आईला 'मामा' म्हणतात आणि वडिलांना 'बाबा'. एका बाईला मुले 'मामा, मामा' अशा हाका मारताना ऐकून पहिल्या दिवशी आम्हांला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही मामा आणि बाबा झालो. आमची स्वतःची मुले केव्हाच मोठी झालेली. एवढी लहान मुले धावत येऊन कंबरेला मिठी मारतात, बाबा म्हणतात, याने आमचे मन भरून आले. देवाने आपल्याला येथे यासाठीच आणले, असे आम्ही एकमेकांना म्हणालो.

त्यांतली एक मुलगी सहा वर्षांची होती. तिचे नाव येथे लिहीत नाही, तिला छोटी म्हणू. शाळेतून आली की ती स्वयंपाकघराच्या पायरीवर आमच्याजवळ बसून राजमा निवडू लागे. आम्ही तिला गुपचूप बिस्किट द्यायचो. तिच्यासाठी उरलेल्या कापडाचा एक फ्रॉक शिवला. पुढे पुढे ती झोपण्यापूर्वी आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहू लागली. तिच्या गृहमातेने दोनदा सुचवले की तिला तिच्या घरात झोपायला पाठवा. आम्हांला वाटले, ही बाई थोडी कडक आहे.

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस मोंबासाला समुद्र बघायला गेलो. छोटीला सांगायचे राहून गेले. खरे म्हणजे ती रडेल म्हणून आम्ही टाळले. परत आलो तेव्हा ती आमच्याजवळ आली नाही. फ्रॉक तिने दुसऱ्या मुलीला देऊन टाकला होता. गृहमातेने सांगितले की आठही दिवस ती फाटकाशी जाऊन उभी राहत होती, आणि हाताला धरून आत आणले की त्या हाताला चावत होती.

मुख्य सिस्टरांनी आम्हांला कचेरीत बोलावले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वहीतील एक पान उघडले. त्या पानावर आमच्याआधी येऊन गेलेल्या स्वयंसेवकांची नावे आणि तारखा होत्या. कोणी तीन महिने, कोणी सहा आठवडे. त्या म्हणाल्या, "छोटी येथे आल्यापासून तुम्ही तिचे चौथे मामा-बाबा आहात. डिसेंबरात तुम्ही घरी जाल. ती कुठे जाईल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. अनोळखी पाहुण्यालाही मिठी मारणारे मूल प्रेमळ आहे असे आम्ही समजत होतो. सिस्टर म्हणाल्या, आपल्या घरी वाढणारे मूल अनोळखी माणूस आला की आईच्या मागे लपते. ज्याला लपायला कोणी नाही, ते मूल कोणाच्याही गळ्यात पडते. हे ऐकल्यावर आमच्या मनात भरून आलेला आनंद कशातून आला होता, ते कळून आम्हांला लाज वाटली.

हे सिस्टरांचे एकट्याचे मत नव्हते. रुमानियात २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक कुटुंबांत ठेवले गेले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक वाढली होती, आणि मूल जितके लहान असताना घरात गेले तितका लाभ जास्त होता. संस्थेत अन्न, औषध, कपडे सगळे मिळू शकते. पण पाळी बदलली की माणूस बदलतो. मुलाला मात्र तेच माणूस रोज हवे असते.

आजीचे घर

त्या दिवसापासून सिस्टरांनी आमचे नियम ठरवले. एकाच मुलाला खाऊ नाही, कोणा मुलाला खोलीत बोलवायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. मूल रडत आले तर त्याला त्याच्या गृहमातेकडे न्यायचे. हे सर्वांत कठीण गेले. छोटी पडली, गुडघा फुटला, आणि आम्ही तिला उचलून गृहमातेच्या मांडीवर ठेवून परत शिवणयंत्राशी आलो, त्या दिवशी जेवण गेले नाही.

मग दुसरी गोष्ट कळली. छोटी पूर्ण अनाथ नव्हती. स्वाहिलीत अनाथाला 'यातिमा' म्हणतात, पण त्या साठ मुलांपैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी जिवंत होते. कोणाची आई, कोणाचा काका, कोणाची आजी. छोटीची आई वारली होती, वडिलांचा पत्ता नव्हता. पण मुरांगा भागात तिची आजी होती, आणि अकरा वर्षांचा भाऊ त्या आजीजवळच होता. केनियात २००३ सालापासून प्राथमिक शाळेची फी माफ झाली, तरी गणवेश, बूट, वह्या यांचा खर्च उरतोच. आजी चहाची पाने खुडायला जायची. हाताची बोटे दुखू लागल्यावर तिला दोन मुलांचे झेपेना. आश्रमात मुलीला खायला मिळेल, शिकायला मिळेल, असे तिला कोणीतरी सांगितले. पोटाला चिमटा बसू नये म्हणून तिने नातीला दूर केले होते.

सिस्टर, त्यांची समाजसेविका आणि सरकारी बालअधिकारी यांनी अनेकदा मुरांगाला जाऊन चौकशी केली. घर कसे आहे, शेजार कसा आहे, आजीची तयारी आहे का. आजीला काय हवे याची यादी झाली: छपराचे चार पत्रे, दुधाची एक शेळी, दोन्ही मुलांचे गणवेश आणि बूट, आणि महिन्याला थोडे पीठ-तेल. ती यादी आमच्याच हिशेबाच्या वहीत आली. आम्ही बेरीज केली, पुन्हा केली. एका मुलाच्या आश्रमातील खर्चात अशी दोन घरे चालली असती.

आणि पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्तसभेचे एक बळ येथे कामाला आले. १९७०च्या दशकापासून तेथील महागुरूंनी लहान ख्रिस्ती समूहांवर भर दिला. त्यांना तेथे 'जुमुइया' म्हणतात. आपल्या कुटुंब समूहांसारखेच शेजारची काही घरे आठवड्यातून एकदा जमतात आणि शुभवर्तमान वाचतात. आजीच्या जुमुइयाने छपराची मजुरी घेतली नाही, आणि आजी आजारी पडली तर मुलांचे जेवण कोण करील हेही आधीच ठरवून टाकले.

निर्गमातील गोष्ट

त्याच दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थनेत निर्गमचा दुसरा अध्याय वाचला गेला. गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. फारोच्या भयाने एक आई आपल्या बाळाला टोपलीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवते. फारोची मुलगी त्याला पाहते, तिला दया येते. इथपर्यंत आपण मुलांना रविवारच्या वर्गात शिकवतो.

पण पुढे काय होते ते नीट पाहा. बाळाची बहीण दूर उभी राहून लक्ष ठेवून असते. ती पुढे होऊन विचारते, दूध पाजायला एखादी इब्री स्त्री आणू का? फारोची मुलगी होकार देते. बहीण कोणाला आणते? बाळाच्या सख्ख्या आईला! आणि राजकन्या त्या आईला सांगते की हे मूल ने, त्याला पाज, मी तुला वेतन देईन.

राजकन्येच्या राजवाड्यात दायांची काय कमतरता होती? बाळाला त्याच दिवशी उचलून नेता आले असते. पण देवाच्या योजनेत ज्या आईला भीतीने मूल सोडावे लागले होते, तिच्याच कुशीत ते परत गेले, आणि वर तिला पगारही मिळाला. मोशे पुढे राजवाड्यात गेला तेव्हा आपण कोणाचे, हे त्याला माहीत होते. म्हणूनच पुढे तो आपल्या बांधवांकडे गेला.

या गोष्टीत तीन स्त्रिया आहेत. मूल ज्या आईचे आहे ती आई. पैसा आणि अधिकार असलेली राजकन्या. आणि या दोघींची गाठ घालून देणारी बहीण, जी काम झाल्यावर बाजूला होते. आम्ही केनियाला गेलो ते मनातून आई-बाप व्हायला. आमची जागा मात्र त्या बहिणीची होती.

याकोबानेही खऱ्या भक्तीची खूण सांगताना अनाथ आणि विधवा यांना एकत्र घेतले आहे. स्तोत्र ६८ मध्येही तसेच आहे, आणि लगेच पुढे देव एकाकी माणसांना घर देतो असे येते. विधवेला आधार मिळाला तर तिचे मूल अनाथाश्रमाच्या दारात येत नाही, हे त्या प्राचीन लोकांना माहीत होते. आपण मात्र अनाथाला एकीकडे दान देतो आणि विधवेला विसरतो.

छोटी गेली

ऑगस्टच्या सुट्टीत छोटी गेली. आजी स्वतः तिला न्यायला आली. डोक्याला रुमाल, हातात घरच्या केळ्यांचा घड. छोटी आधी गृहमातेच्या मागे लपली. समाजसेविकेने तिला मागच्या दोन महिन्यांत तीनदा आजीकडे राहायला नेले होते, तरी लपली. मग भाऊ पुढे आला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. तिने त्याला उलटी मारली आणि दोघे मताटूत, म्हणजे तेथल्या प्रवासी गाडीत, जाऊन बसले. आम्ही शिवणखोलीच्या खिडकीतून पाहत होतो. तिने मागे वळून पाहिले नाही.

नोव्हेंबरात समाजसेविका भेट देऊन आली. तिने अहवाल वाचून दाखवला. छोटीचे वजन थोडे वाढले होते. शाळेत एक दिवस दांडी. दुधाचे भांडे सांडले म्हणून आजीने तिला चांगलेच फटकारले होते, मग ती रुसून शेजारी जाऊन बसली, आणि संध्याकाळी आजीच तिला शोधून घरी घेऊन आली. आश्रमात तिच्यावर असे कोणी रागावले नव्हते, आणि रुसून जायला तिला जागाही नव्हती. आम्ही विचारले, आमची आठवण काढली का? समाजसेविका थोडी थांबली आणि म्हणाली, "नाही." आम्हांला दुःख झाले, हे कबूल करतो. पण त्या रात्री जपमाळ झाल्यावर आम्ही देवाचे आभार मानले.

सगळ्याच मुलांचे असे झाले नाही. काही मुलांचे कोणीही सापडले नाही. एक मुलगा घरी गेला आणि चार महिन्यांनी परत आणावा लागला, कारण काका दारू पिऊन मारत होता. अशा मुलांसाठी आश्रम हवाच, आणि त्या गृहमाता जे करतात त्याला तोड नाही. काहींनी आम्हांला विचारले, तुम्हीच छोटीला दत्तक का घेतले नाही? परदेशी लोकांनी दत्तक घेण्यास केनिया सरकारने २०१४ सालीच स्थगिती दिली होती. आणि ती नसती तरी आजी असताना ते योग्य झाले नसते.

आपल्यासाठी

ही वाट आता एकट्या आश्रमाची राहिलेली नाही. मुलाला शक्यतो स्वतःच्या कुटुंबात ठेवावे, गरिबी हे मूल दूर करण्याचे कारण होऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली स्वीकारली. केनियाने २०१७ साली नव्या अनाथाश्रमांची नोंदणी थांबवली आणि २०२२ साली मुलांना कुटुंबात परत नेण्याचा दहा वर्षांचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. युगांडातील धर्मभगिनींनी २०१६ साली याच दिशेने काम सुरू केले, आणि २०२० साली रोम येथील धर्मभगिनी-प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते काम इतर देशांसाठी हाती घेतले. आपल्या देशातही २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यानुसार संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे.

सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. जरूर जा. पण जाण्यापूर्वी विचारा की ही संस्था मुलांना घरी परत नेण्यासाठी काय करते. जेथे आलेल्या दिवशीच मूल तुमच्या कडेवर देतात तेथे जाऊ नका. हिशेब, शिवण, दुरुस्ती, गृहमातांना शिकवणे, अशी कामे मागून घ्या. मुलांच्या जवळचे काम तेथेच राहणाऱ्या माणसांना करू द्या.

आणि ज्यांना कोठे जायचे नाही त्यांनाही काम आहे. आपल्या गावातही एखाद्या घरात कर्ता पुरुष गेलेला असतो, आजी नातवंडे सांभाळत असते. शासनाची बाल संगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे, पण कागदपत्रे गोळा करून जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात कोण जाणार? नाताळात अनाथाश्रमाला केक पाठवण्याबरोबर आपल्या समूहाने एका आजीचे हे कागद पूर्ण करून दिले, तर मोशेच्या आईला पगार मिळाला असे होईल.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या समूहात अशी कोणती विधवा किंवा आजी आहे, जिच्यावर मुलांचा भार आहे? मागच्या महिन्यात तिच्या घरी कोण गेले होते?

२. आपण केलेल्या एखाद्या सेवेत आपल्याला मिळणारा आनंद आणि समोरच्याची गरज यांत फरक पडला होता का?

३. मोशेची बहीण दूर उभी राहून लक्ष ठेवत होती. आपण कोणासाठी असे उभे राहू शकतो?

प्रार्थना

हे प्रभो, जी मुले आज आपल्या घरापासून दूर झोपी जातील त्यांना जप. त्यांच्या आई, आजी आणि नातलगांना बळ दे. आमच्या हातांनी त्यांचे घर पुन्हा उभे राहू दे, आणि काम झाल्यावर बाजूला होण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.